पेटारा आणि नीलेशचा डावा हात

११ जानेवारी, रविवार
पुतणीची, प्राचीची हळद ठरली. १२ फेब्रुवारी, गुरुवार. मोठ्या जाऊबाईंच्या वाडीत, म्हणजे आमच्या कुंपणापलीकडेच. वाजवणार अर्थात आमची पार्टी. नवरीचा सख्खा भाऊच कीबोर्डवर, मग दुसऱ्या कुणाला सांगतील!
आज मागच्या खोलीत सराव. नीलेश म्हणाला, "काकी, खोलीत बेस गिटार तुम्ही वाजवा. हळदीला बेस मी कीबोर्डवर डाव्या हाताने धरतो. तुमचा डबा ढोलापुढे काय टिकणार?"
वाईट वाटलं, पण पोरगा खोटं बोलला नाही. माझ्या मुलाचा, मंदारचा डबा, म्हणजे बेसचा अॅम्प्लिफायर, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा. संतोषने ढोलावर नुसती बोटं फिरवली तरी तो गप्प होतो.
विचारलं, "आणि टिकणारा आणला तर?"
"ढोलापुढे तुमचा बेस ऐकू आला ना काकी, तर माझा डावा हात खिशात."
संतोष लगेच, "मी साक्षीदार."
महिना आहे.

१३ जाने., मंगळ
मंदारचा बोटीवरून फोन. आवाज तुटत होता. बेस त्याचाच, खोलीही त्यानेच केलेली. नारळ रचायची जागा होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, संगणक आणला, स्टुडिओ म्हणायला लागला, आणि बोटीवर नोकरी लागली. खारी हवा तारा खाते म्हणून मी रोज पुसायचे. पुसता पुसता बोट अडकायचं, आवाज यायचा. मग पुसणं राहिलं बाजूला.
म्हणाला, "आई, वॉट बघ. स्पीकर किती इंची ते बघ. हेडफोनचं भोक आहे का बघ. संगणकाला जोडता येतो का बघ. आणि मुख्य म्हणजे वजन बघ."
म्हटलं, स्थळ बघायला सांगतोयस की डबा?
"स्थळ असतं तर वजन बघू नको म्हटलं असतं."

१४ जाने.
तिळगूळ. मोठ्या जाऊबाई आल्या. वाण घेतलं, बसल्या, आणि सरळ मुद्द्यावर. "सुमन, हळदीला घाऱ्या तुझ्याच हातच्या हव्यात. तू चुलीपाशी हायेस ना?"
मी हो म्हणून बसले! तोंडातून गेलंच.
हे नंतर म्हणाले, "एका हातात झारा, एका हातात गिटार. देवीसारखे आणखी दोन लाव."

१७ जाने., शनि
पनवेल. बाजारातलं वाद्यांचं दुकान. पोरगा आला, "आंटी, मुलासाठी?" म्हटलं मुलाचं आहे, वाजवते मी. बिचारा पाणी घेऊन आला.
एक डबा छान. बारा इंची स्पीकर. हेडफोनचं भोक आहे, मागून संगणकाला वायर जाते. एका हातात उचलला, पाण्याची कळशी उचलते तसा. आवाज स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखा, दाणा न् दाणा वेगळा. पाठीमागे छोटा पंखा आहे, तो सतत सूं करतो. रेकॉर्डिंगमध्ये येईल का?
मोठा करून बघू म्हटलं. जरा फिरवलं तर आतून मालक, "कमी करा, बाजूला दवाखाना आहे."
मग ढोलापुढे टिकतो की नाही हे कळायचं कसं? मिठाशिवाय आमटीची चव घ्यायला सांगितल्यासारखं.
न घेता परतले. मनात आहे तो. नाव ठेवलं – हलका.

२० जाने., मंगळ
इक्बालभाई आले, मुरूडहून, मंडप आणि स्पीकरवाले. नीलेशच्या पार्टीचा भोंगा-माईक सगळं त्यांचंच. टेंपोतून उतरवतानाच दोन माणसं लागली.
"सुमनभाभी, ह्याला डबा बोलू नका. पेटारा हाय पेटारा. माझ्या साल्याने मस्कतहून आणलान. आता तो नमाजी झाला, बेस सोडलान."
पंधरा इंची. चामड्यासारखं आवरण, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. हेडफोनचं भोक नाही. पंखाही नाही. हळद होईपर्यंत ठेवा म्हणाले, आवडला तर तुमचा, नाही तर टेंपो पाठवतो.
मी विचारलं, माझी वायर सरळ तुमच्याच मोठ्या स्पीकरला जोडली तर पेटारा लागेल कशाला?
"जोडू की. लोकांना ऐकू येईल. पण तुम्हाला स्वतःला? माझे स्पीकर तोंड फिरवून लोकांकडे. तुम्ही त्यांच्या पाठीमागे. अंदाजाने वाजवाल काय?"
हे पटलं. भाजी ढवळणाऱ्यालाच वास आला नाही तर मीठ पडेल दुप्पट.

२१ जाने.
पेटारा लावला. तारांना हात लावला की बोटांत झिणझिण्या! आणि मधमाश्या शिरल्यासारखी घूं घूं. इ.भाईंना फोन केला. "हात काढा भाभी. बटन बंद. आधी अर्थिंग बघा."
ह्यांनी चाळीस वर्षं वायरमनकी केली आणि घरचंच अर्थिंग! विहिरीजवळचा खड्डा उकरला. तांब्याची तार खाऱ्या हवेने खाऊन हिरवा भुगा झालेली. म्हणाले, "बरं झालं तुला हे वेड लागलं. उद्या धुण्याच्या मशीनने धक्का दिला असता."
नवी तार, कोळसा, मीठ, पाणी. संध्याकाळी लावला. झिणझिण्या गेल्या. मधमाश्याही गेल्या, जवळजवळ.
आता तुळशीला पाणी घातलं की तांब्याभर खड्ड्यालाही घालायचं. हे म्हणाले, दिवा नको लावूस तिथे.

२२ जाने., गुरु
काय आवाज! खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. त्याला तीन कान आहेत पिळायला – खालच्या सुराचा, मधल्याचा, वरच्याचा. खालचा पूर्ण पिळला. पहिली जाड तार सोडली आणि फडताळातल्या बशा बोलायला लागल्या. पोटात येतो तो आवाज. भाकरी फुगावी तसा खोलीभर फुगतो.
हलका विसरले.

२५ जाने., रवि
सुट्टीची गर्दी. भाड्याने देतो त्या तिन्ही खोल्यांत पाहुणे. पुण्याचं एक जोडपं, तान्हं बाळ घेऊन. पेटारा हळू वाजवला तरी बाळ उठलं. हळू वाजवता येतच नाही त्याला, अगदी कमी केला तर भांड्याच्या तळाशी बोलल्यासारखा वाटतो. हेडफोन नाही. तीन दिवस बोट लावता येणार नाही.
ह्यांनी विचारलं, "दूध तापवायला आणि मटण शिजवायला एकच भांडं हवंय का तुला?"
"आपल्याकडे दोन आहेत की."
"म्हणूनच विचारतोय."
म्हणजे ह्यांच्या मनात काय आहे? सरळ बोलतील तर शपथ.

२७ जाने., मंगळ
पाहुणे गेले. जाताना बाळाची आई म्हणाली, "मावशी, तुम्ही काय वाजवत होतात? जरा वाजवून दाखवा ना." बाळाला मांडीवर घेऊन बसली. बाळ जाड तारेला हसलं. बारीक तारेला नाही.
का बरं? पोटात असताना असंच ऐकू येत असेल का?

१ फेब्रु., रवि
मी हरले आज. लिहायला नको वाटतंय पण लिहिते.
सराव बाहेर, जाऊबाईंच्या वाडीत, हळद होणार तिथेच, पोफळींच्या पलीकडच्या रेतीत. पेटारा नेला. खोलीत जसे कान पिळलेले तसेच ठेवले, अगदी खुणेचा खडू मारून. संतोषने ढोल सुरू केला, नीलेशने चाल धरली. मी जाड तार ओढली.
काही नाही.
पेटारा होता, मी होते, हात हलत होते. आवाज कुठे गेला? रेतीने प्याला का? पावलांना थोडं थरथरलं एवढंच.
नीलेश म्हणाला, "काकी, दिसताय, पण ऐकू येत नाही."
खालचा कान आणखी पिळायला जागाच नव्हती. आवाज वाढवला तर पेटारा फडफडला, ओल्या सुकटीच्या पिशवीसारखा. तिसऱ्या गाण्याला नीलेशचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर गेला, मला कळलं. त्याने बघितलंही नाही माझ्याकडे, सहज गेला. मी वाजवत राहिले. दोघांचा बेस एकमेकांवर. चिखल नुसता.
संतोष परत येताना म्हणाला, "काकी, खोलीत लय भारी वाटायचा हो." त्याला बरं वाटावं म्हणून मी हसले.

२ फेब्रु.
हलका आणू का पनवेलहून? पण पंधरा इंची जिथे बुडाला तिथे बारा इंची काय पोहणार?
घाऱ्यांसाठी भोपळा किती आणायचा ते विचारायला जाऊबाई आल्या. भोपळ्याचं बोलले.

३ फेब्रु., मंगळ
सापडलं! म्हणजे वाटतंय तरी.
दुपारी जेवायला हाक मारली ह्यांना, हे वाडीच्या पार टोकाला शिंपण करत. "अहो, जेवायला!" दोनदा. पत्ता नाही. मग नेहमीची मारली, नाकातून, वर ओढून, "अहोऽऽऽ!" लगेच हात वर केला.
तिथेच उभी राहिले, पदराला हात पुसत. पोटातली हाक का नाही पोचली? खोलीत तर पोटातलीच घुमते. खोलीला भिंती आहेत, भिंती आवाज परत आणून देतात, त्यातही कोपरा. मी कोपऱ्याचा आवाज ऐकून कान पिळले! वाडीत कोपरा कुठून येणार?
मग प्रयोग. ह्यांना परत टोकाला पाठवलं, जेवण तसंच. एकदा पोटातून, एकदा छातीतून, एकदा नाकातून. ऐकू आलं की टोपी काढायची. पोटाला टोपी नाही. छातीला अर्धी. नाकाला पूर्ण.
शेजारच्या वाडीतून कुणीतरी विचारलं, "वैनी, बरं हाय ना सगळं?"
हे आल्यावर म्हणाले, "आमटी निवली, पण ठीक आहे, विज्ञान झालं."

६ फेब्रु., शुक्र
पेटारा ह्यांनी आणि संतोषने हातगाडीवरून परत जाऊबाईंच्या वाडीत नेला. कोणी नव्हतं ते बरं. खालचा कान अर्ध्याहून कमी केला, जिवावर आलं. मधला वाढवला. जवळ उभं राहून ऐकलं तर कसला तो आवाज, पत्र्यावर पळी आपटल्यासारखा. खोलीत असा वाजवला असता तर बंदच केला असता. पण वीस पावलं लांब गेले (संतोषला नुसती तार ओढायला सांगितली), तर गोल! लांब जाऊन तोच आवाज गोल होतो.
दुसरी गोष्ट ह्यांच्या लक्षात आली. "तू ऐकवतेस कुणाला? तो जमिनीवर, त्याचं तोंड तुझ्या गुडघ्याला."
खरंच, पंधरा दिवस गुडघ्यांना ऐकवत होते. पडवीतलं बाकडं आणलं, त्यावर चढवला, मागे वीट घालून तोंड जरा वर केलं. आता माझ्या कानाशी बोलतो. हात हलका पडायला लागला आपोआप, एवढं ओढावं लागत नाही.
संतोषने ढोल आणला, हळू, मग जोरात. ऐकू येतंय. मला येतंय. "तुला?" "मला माझाच ढोल ऐकू येतो काकी, मला काय विचारताय."
नीलेशला सांगायचं नाही असं ठरलं. संतोष म्हणाला, मी साक्षीदार आहे, मी बोलणार नाही. आज बोलणार नाही म्हणजे उद्या सांगणार बहुतेक.

८ फेब्रु., रवि
जाऊबाईंना सांगून टाकलं. घाऱ्या मी दुपारीच तळून देते, संध्याकाळी मी बाजावाल्यांत उभी राहणार.
चुलीत लाकूड सारलं. मग, "नवरीची काकी बाजावाल्यांत? व्याही येतील, ते काय समजतील?"
म्हटलं, त्यांना घाऱ्या द्या, तोंड बंद राहील.
"तुझं कसं बंद करायचं ते सांग." पण हसल्या. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. भोपळा मात्र गुरुवारी सकाळीच किसून ठेवते म्हणाल्या, म्हणजे दुपारी तळून व्हावं असंच गणित.

१० फेब्रु.
शेवटचा सराव खोलीत. मंदारच्या छोट्या डब्यावर वाजवलं, पेटारा वाडीतच झाकून. चाली पक्क्या. नी.चा डावा हात सगळा वेळ खालच्या पट्ट्यांवर.
जाताना थांबला. "काकी, हळदीला गर्दी असते, नाचणारे अंगावर येतात. जमेल ना?" हे त्याने काळजीने विचारलं. मला रागच येईना, मग काय करणार.

१२ फेब्रु., गुरु. दुपार
घाऱ्या झाल्या. बोटं फुगलीत तेलाच्या वाफेने. जाड तारांना बरं, मऊ बोटं चालतात. (चालतात का? बघू.)
विहिरीजवळच्या खड्ड्याला दोन तांबे.

१३ फेब्रु., शुक्र
काल लिहायला झालं नाही. आज लग्न, सगळे रोह्याला. मी पाय सुजले म्हणून दुपारीच परत. लिहून ठेवते, नाही तर विसरेन कोणतं आधी नि कोणतं नंतर.
बायकांची हळदीची गाणी, धवले, म्हणून झाले, मग आम्ही. पेटारा बाकड्यावर, माझ्या पाठीशी, जरा डावीकडे. मी नव्या साडीत, गळ्यात पट्टा. व्याह्यांकडची एक बाई बोट दाखवत होती, जाऊबाईंनी तिच्या हातात घारी ठेवली.
पहिलं गाणं. नीलेशचा डावा हात पट्ट्यांवर. मी वाजवतेय, तोही वाजवतोय. मी ठरवलेलं, ओढायचं नाही, भांडायचं नाही, ढोलाच्या ठोक्याला धरून राहायचं. दुसऱ्या गाण्यालाही तेच.
तिसऱ्याला प्राची उठली. पिवळीधमक, हळदीने माखलेली, तशीच नाचत आमच्यापर्यंत आली. भावाला ओढायला लागली. "दाद्या, माझ्या हळदीत तू नुसता वाजवणार? चल नाच." नीलेश मानेने नाही नाही. चाल तुटली असती. तिने काय करावं, वाटीतली हळद घेतली आणि त्याचा डावा हात धरून मनगटापासून बोटांपर्यंत चोपडली. सगळे ओरडले. कीबोर्ड भाड्याचा नाही, त्याच्या कष्टाचा, तो त्याला फुंकर मारून पुसतो. हळदीचा हात पट्ट्यांवर ठेवायचा कसा?
त्याने उजव्या हाताने चाल धरली. डावा प्राचीच्या हातात. ती नाचते, हा जागच्या जागी डुलतो, हात धरून.
आणि खाली कोणी नाही. फक्त मी.
एक ठोका चुकला बहुतेक. मग बोटांनी आपलं आपण घेतलं. नाचणाऱ्यांचे पाय बघत होते मी, पाय चुकत नव्हते. ढोल, चाल आणि मधे मी. पोफळींच्या बुंध्यांतून परत येत होता माझा आवाज. कितीतरी वेळ. गाणी कोणती झाली तेही सांगता येणार नाही.
शेवटाला नीलेशचे डोळे भरलेले, प्राचीचेही. बहिणीची हळद आहे, भरणारच.
गर्दीत बोलणं झालं नाही. संतोष एवढंच म्हणाला, "हात खिशात नाही गेला काकी, पण हळदीत गेला. हे धरायचं का?"
मला माहीत नाही. त्याने माझा बेस ऐकू आला म्हणून सोडला, की हात माखला म्हणून? मागे इक्बालभाईंनी माझी वायरही जोडलेली होती मोठ्या स्पीकरला, म्हणजे लोकांनी ऐकलंच असणार. पण नीलेश स्पीकरच्या मागे होता, माझ्यासारखाच. त्याला पेटाराच ऐकू यायला हवा.

१४ फेब्रु., शनि
प्राचीच्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ आला. धावत चष्मा आणला. ढोल आहे, चाल आहे, शिट्ट्या आहेत. बेस नाहीच! फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो येतच नाही. हात हलताना दिसतात, नीलेश म्हणाला होता तसं, दिसताय पण ऐकू येत नाही. मंदारला पाठवला, त्याच्याकडे चांगले हेडफोन आहेत. बोट कुठे आहे कोण जाणे, पोचलेला नाही अजून.
जाऊबाई उरलेल्या घाऱ्या घेऊन आल्या. बसल्या. इकडचं तिकडचं. उठताना, "काल परवा ते पोटात धडधड धडधड होत होतं ते तू व्हतीस?"
"ढोल असेल."
"ढोल छातीत लागतो. ह्ये खाली व्हतं." आणि गेल्या.

१५ फेब्रु., रवि
इ.भाईंचा फोन. "मग भाभी, टेंपो पाठवू की पेटारा तुमचा?" म्हटलं दोन दिवस द्या. "घ्या चार. साला विचारत नाय, त्याला आता आवाज नको झालाय."
ह्यांनी सकाळी पनवेलच्या दुकानाला फोन केलेला मी ऐकला. पंखा किती आवाज करतो ते विचारत होते. मला बघून वायरमनकीचं काहीतरी बोलल्यासारखं केलं. घरात हलका, वाडीत पेटारा, असं ह्यांच्या मनात दिसतंय. पण पेटारा ठेवायचा तो कशासाठी, हे आधी कळायला हवं. नीलेशचा डावा हात पुढच्या सरावाला कुठे असेल त्यावर आहे सगळं. गुरुवारी सराव. हात तोपर्यंत धुतलेला असणार.
कीबोर्ड आमच्याच खोलीत आहे, लग्नाच्या धावपळीत तसाच ठेवून गेलाय, चादर घालून. झाडताना चादर काढली. त्याने तो पुसलेला नाही, हे पहिल्यांदाच. उजवीकडच्या पट्ट्यांवर नुसती धूळ. डावीकडे वाकून बघितलं.
तिथेही धूळच, हळद कुठेच नाही. एकीवर मात्र पिवळा ठिपका. एका बोटाचा. एकदाच ठेवलेलं आणि उचललेलं.
माझा ठोका चुकला तेव्हा सावरायला ठेवलं असेल? की मी आहे का खाली, ते चाचपून बघितलं, आणि आहे म्हटल्यावर उचललं?
पुसायला फडकं हातात होतं. पुसला नाही. चादर परत घातली.